गोव्याच्या ऑक्टोबरात गर्द रंग कसे घालावेत?

प्रश्न फोंड्याच्या एका ताईंचा आहे. त्या रोज बसनं पणजीला नोकरीला जातात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइल उघडला की सगळीकडे 'ऑटम कलेक्शन' दिसतंय. वाइन, विटकरी, मोहरी, बॉटल ग्रीन. रंग मनापासून आवडतात. पण इथे ऑक्टोबरात घामाच्या धारा लागतात. गेल्या वर्षी हौसेनं वाइन रंगाचा कुर्ता मागवला, इस्त्री लागत नाही म्हणून खूशही होते, पण दसऱ्याला दोन तासांत तो अंगावर नकोसा झाला. शिवाय वर्ण सावळा, त्यामुळे घरची मंडळी म्हणतात, गडद घालू नकोस, आणखी काळी दिसशील. दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, पुढे जत्रा. काय घालावं, आणि त्यासाठी नवीन कितपत घ्यावं?

ताई, घाला. खुशाल घाला. तुमच्या त्या कुर्त्याचा रंग निर्दोष होता. 'इस्त्री लागत नाही' हे वाचलं आणि दुखणं कुठे आहे ते कळलं. तो कुर्ता पॉलिस्टरच्या क्रेपचा असणार, आत अस्तरही पॉलिस्टरचंच असणार, आणि उठाव यावा म्हणून तो अंगाबरोबर बसता शिवलेला असणार. असला कुर्ता तुम्ही पांढराशुभ्र घेतला असता तरी दोन तासांत तेच झालं असतं. खात्री करायची असेल तर आतल्या शिलाईपाशी कापडाचा एखादा सुटा धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून मोरीत पेटवा. सुताचा असेल तर कागद जळल्यासारखा वास येईल आणि चिमटीत चुरडली जाणारी राख उरेल. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसेल, वितळेल आणि टोकाला काळा टणक मणी तयार होईल. शिवणाऱ्या हाताला हे कापड चाचपून कळतं, पण ऑनलाइन खरेदीत चाचपायला मिळत नाही, म्हणून ही युक्ती लक्षात असू द्या.

माझं सांगणं एवढंच: गर्दपणा रंगात असू द्या, कापडात नको. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

ती ऑटमची रंगयादी आली कुठून ते एकदा पाहू. थंड मुलुखात सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडांच्या पानांतलं हरितद्रव्य संपत जातं. मग त्याखाली झाकलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो आणि काही झाडांत लाल रंग नव्यानं तयार होतो. विटकरी, मोहरी, वाइन, ऑलिव्ह ही सगळी त्या पानांची यादी. त्याच दिवसांत तिकडे पारा उतरतो, म्हणून या रंगांसोबत लोकर, कॉर्डरॉय, मखमल, चामडी बूट आणि एकावर एक तीन थर असा सगळा संसार येतो. आपल्याकडे उलटी गंमत असते. जुलै-ऑगस्टात गोव्यात दुपारचं तापमान २८-२९ अंशांच्या आसपास असतं. पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला निरोप घेऊ लागतो, आकाश स्वच्छ होतं, ऊन चिरचिरायला लागतं आणि पारा ३१-३३ वर जातो. जमीन अजून ओली, हवा दमट. म्हणजे त्यांचा ऑटम थंडीकडे निघालेला आणि आपला शरद पावसातून पुन्हा उन्हाळ्यात आलेला. रात्री जरा गारवा जाणवतो तो डिसेंबरात. तेव्हा त्यांच्याकडून रंग घ्या, कापडं तिकडेच राहू द्या.

आता उकाड्याचं. काळपट कापड ऊन जास्त शोषतं, हे खरंच आहे. पण ऊन असेल तर. ऑफिसात, बसमध्ये, देवळाच्या सभामंडपात, रात्रीच्या जत्रेत कपड्याच्या रंगाचा आणि उकाड्याचा जवळजवळ काही संबंध नसतो. तिथे हिशेब असतो तो धागा घाम टिपतो का आणि कपड्याच्या आत हवा खेळते का, याचा. उन्हातसुद्धा गोष्ट वाटते तेवढी सरळ नाही. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण झगा सैल असला तर ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत निघून जाते आणि काळ्या-पांढऱ्या झग्यात अंगाला फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. अर्थात वाळवंटाची हवा कोरडी. आपल्याकडे घाम वाळतच नाही. म्हणून इथे सैलपणा हवाच, शिवाय पाणी टिपणारा धागा हवा. भर दुपारी दोन तास उन्हात उभं राहायचं असेल तर मात्र फिकं घाला, उगाच हट्ट नको.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फिक्या रंगाला अस्तर लागतं. मोतिया, बदामी, फिका गुलाबी कुर्ता पातळ सुती कापडात घेतलात तर आतलं दिसतं, म्हणून शिंपी अस्तर लावतो, नाहीतर आत शमीज घालावी लागते. म्हणजे दोन थर झाले. तेच केंब्रिकसारखं हलकं सुती कापड कोकमी किंवा बाटलीहिरव्या रंगात घ्या, अस्तराची गरजच नाही. एकच थर. बसमध्ये खिडकीची वाऱ्याची झुळूक सरळ अंगाला लागते. गोव्याच्या हवेत अस्तर नसलेला गर्द कुर्ता हा अस्तर लावलेल्या फिक्या कुर्त्यापेक्षा थंड पडतो, हे माझं गिऱ्हाइकांना नेहमीचं सांगणं असतं. एकदा घालून बघितलं की पटतं.

ब्लाउजला अस्तर टळत नाही. तिथे सुती अस्तर मागा, ते शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवलेलं हवं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि पाठीवर सुरकुत्यांचे फुगे उठतात. क्रेपचं चकचकीत अस्तर मिळतं ते स्वस्त आणि कापायला सोपं, म्हणून शिंप्याला सोयीचं. तुम्ही तोंडानं सांगितलं नाही तर तेच लागेल.

शिलाईबद्दल तीन शब्द. काखेत नेहमीपेक्षा अर्धा इंच सैल. बाही कोपरापर्यंत आणि मोकळी. बिनबाहीपेक्षा अशी बाही बरी, कारण काखेतला घाम ती टिपून घेते. आणि बाजूची चीर कमरेच्या जरा खाली, हवा आत-बाहेर व्हायला. प्रिन्सेस कटचा मोह या दोन महिन्यांत टाळा.

घामाचे डाग हा रंगाचा खराखुरा प्रश्न. लोकांना वाटतं की गर्द कापडावर घाम जास्त दिसतो. दिसतो तो मधल्या रंगांवर: राखाडी, आकाशी, मध्यम मोहरी, फिका विटकरी, मेंदी. ओलं झालं की हे रंग दोन छटांनी काळवंडतात आणि काखेखाली नकाशा उमटतो. वाइन, गडद जांभळा, गर्द निळा, बाटलीहिरवा हे आधीच इतके खोल असतात की ओल्या-कोरड्यातला फरक डोळ्यांना कळत नाही. फक्त एक: घाम वाळल्यावर मिठाची पांढरट रेघ उरते आणि ती गर्द रंगावरच दिसते. म्हणून असा कपडा पुन्हा घालायचा म्हणून खुंटीवर ठेवू नका. निदान साध्या पाण्यातून तरी काढा. मोहरी रंग तुम्हाला फार आवडत असेल तर तो बारीक छापाईत घ्या. ठिपक्यांत, बुट्ट्यांत घाम लपतो.

आता ज्यावर मला जरा सावकाश बोलायचंय ते विणीबद्दल. कारण 'रिच' दिसणं म्हणजे नुसता गडद रंग नव्हे. साधं सपाट गडद कापड रात्रीच्या दिव्यात मेल्यासारखं दिसतं. कापडात दोन रंग एकमेकांत मुरलेले असले की त्याला खोली येते, आणि त्यासाठी कापड जाड असावं लागत नाही.

धूपछाव हे त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. उभे धागे लाल, आडवे निळे असले तर समोरून जांभळं दिसणारं कापड वळणावर लाल मारतं, निरीत निळं. दुकानदार हे दाखवताना कापड मुठीत धरून चुणी पाडतो आणि हलवतो, ते उगाच नाही. सुतात, लिननमध्येही अशी वीण मिळते आणि ती वजनाला काहीच नसते. कापड हातात घेऊन कडेचे धागे बघा. काठावर जिथे झालर सुटलेली असते तिथे उभा नि आडवा धागा वेगळा दिसला तर ते खरं धूपछाव, नाहीतर नुसती चमक.

मग आपल्या हाकेच्या अंतरावरच्या इरकली. कर्नाटकातल्या इलकलची ही साडी गोव्यातल्या आज्यांच्या ट्रंकेत असतेच. अंगाला सुती, काठपदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचा म्हणजे कृत्रिम रेशमाचा, पदर लाल आणि त्यावर पांढरं विणकाम. डाळिंबी, मोरपंखी, पोपटी हे तिचे ठरलेले रंग. सगळा गर्दपणा काठपदरात आणि अंगाला सूत. दसऱ्याला सोनं लुटायला जायचं तर हिच्यासारखी सोय नाही. गुळेदगुड्डच्या खणाचंही तेच. गिऱ्हाईक खणाचा अख्खा ड्रेस शिवायला आणतं तेव्हा मी शक्यतो परावृत्त करते. खण अरुंद पन्ह्याचा, जोड फार येतात, आणि अंगभर घातला की उकडतो. त्याचा ब्लाउज करा, कुर्त्याचं योक करा, बाहीला पट्टी लावा. एका खणातून ब्लाउज होतो, उरलेल्या तुकड्यात मुलीच्या परकराचा काठ निघतो.

आणि आपल्या मातीतलं कापड म्हणाल तर कुणबी साडी. लाल-पांढऱ्या चौकडीची, सुती, खांद्यावर गाठ मारून गुडघ्यापर्यंत नेसायची, कारण ती नेसून शेतात उभं राहायचं असायचं. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला रॅम्पवर नेलं, तेव्हा शहरी मंडळींचं लक्ष तिच्याकडे गेलं. जवळून बघा. चौकडीतली पांढरी रेघ अगदी बारीक असते. दहा पावलांवरून ती दिसत नाही, नुसता लाल रंग दिसतो, पण सपाट लालापेक्षा जिवंत. हल्ली हीच चौकडी वेगवेगळ्या रंगांतही विणली जाते. पणजीच्या ऑफिसात नेसायला मी तर हीच सुचवेन. मात्र छापलेल्या चौकडीची साडी 'कुणबी' म्हणून गळ्यात मारतात तेव्हा सावध. कापड उलटं करून पाहा: विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी, छापलेली मागून फिकट.

जड कापडाचा गर्द रंग आपल्याकडे नव्हताच असं नाही. मांडो या गोव्याच्या गाण्या-नाचाच्या वेळचा ख्रिस्ती बायकांचा पानो-बाजू हा पोशाख मखमलीचा किंवा रेशमी असे, लाल, हिरवा, निळा, वर जरीचं काम. पण तो समारंभाचा पोशाख, आणि त्यावर खांद्यावरून फिका तुवालो, म्हणजे शेल्यासारखं वस्त्र, येई. पूर्ण गर्द पोशाखावर चेहऱ्यालगत एक उजळ पट्टा, ही त्यातली नजर मात्र आजही उचलण्यासारखी आहे.

इथून तुमच्या वर्णाकडे येऊ. 'गडद घातलं की काळी दिसशील' हे वाक्य मी दुकानात इतक्या आयांच्या आणि सासवांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू येतं. एक तर सावळं दिसण्यात वाईट काय? आणि दुसरं, ते खरंही नाही. सावळ्या चेहऱ्यावर फिका गुलाबी, फिका पिस्ता, धुरकट आकाशी हे रंग पावडर फासल्यासारखे वेगळे पडतात. डाळिंबी, राणी, मोरपंखी, जांभळा, वांगी, कोकमी हे चेहऱ्याशी जुळतात. काळ्याभोर केसांचं आणि डोळ्यांचं बळ त्यांना मिळतं. जपायचं ते अंगाच्या रंगाच्या अगदी जवळ येणाऱ्या छटांपासून. काही सावळ्या वर्णांवर तपकिरी, कॉफी, मळकट विटकरी घातलं की गळा कुठे संपतो आणि कुर्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. ऑटमच्या यादीतला 'रस्ट' तुम्हाला आवडतो ना? मग त्याची लालीकडे झुकणारी, शेंदूर मिसळल्यासारखी छटा घ्या, मातकट नको.

चाचणी घरीच करा. सकाळी नऊच्या सुमाराला, मेकअप न करता, खिडकीशी बसा आणि कापड हनुवटीखाली धरा. आरशात कापडाकडे बघू नका, डोळ्यांखाली बघा. योग्य रंग असेल तर तिथली काळपट सावली हलकी वाटते. चुकीचा असेल तर रात्रभर जागल्यासारखं दिसतं. गोरं दिसतंय का हे विचारू नका, ताजं दिसतंय का एवढंच बघा. एखादा रंग आवडतो पण चेहऱ्याजवळ चालत नाही असं निघालं, तर तो कमरेखाली न्या: सलवार, परकर, साडीच्या निऱ्या. गळ्याशी मोतिया पाइपिंग लावलं तरी काम भागतं. उरेब म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीचं पाव इंच पाइपिंग, फार फार तर अर्ध्या मीटर कापडाचा खर्च.

रंग दुकानात पसंत करू नका. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली वाइन आणि वांगी जुळे भाऊ वाटतात, दारात आणलं की एक लाल, दुसरा निळा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो नाहीतर बेळगावचं साडीचं दुकान, ठाण हातात घ्या आणि दाराबाहेर उजेडात या. कुणी अडवत नाही. ज्या वेळी घालायचं त्या वेळचा उजेडही मनात धरा. समया-पणत्यांच्या पिवळ्या उजेडात लाल, केशरी, मोहरी, डाळिंबी फुलतात, निळा आणि गर्द जांभळा मावळतो, जवळजवळ काळा होतो. नवरात्रात फोंड्याकडच्या देवळांत मखरोत्सवाला, सजवलेल्या मखरात देव झुलवतात तो बघायला, रात्री जाल तेव्हा निळ्यापेक्षा डाळिंबी बरा. जत्रेच्या फेरीत, म्हणजे दुकानांच्या रांगांत, पांढऱ्या एलईडीचा मारा असतो, तिथे मोरपंखी आणि बाटलीहिरवा उठून दिसतात. साखळीला विठ्ठलापूरच्या त्रिपुरारी पौर्णिमेला नदीकाठच्या अंधारात उभं राहायचं असेल तर गर्द निळं घालून काय उपयोग, फोटोत नुसता चेहराच दिसेल.

फोटोवरून आठवलं. ऑक्टोबरात गोवा अजून हिरवा असतो, भाताची शेतं सोनेरी होऊ लागलेली असतात आणि भिंती चिऱ्याच्या. विटकरी कुर्ता घालून चिऱ्याच्या भिंतीशी उभं राहिलात की तुम्ही भिंतीत विरघळता. बाटलीहिरवा माडा-पोफळीत हरवतो. चिऱ्याशी मोरपंखी, कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत डाळिंबी, पिकल्या शेताकडेला वांगी. बास.

जोड्यांचं फार पुस्तक वाचू नका. आपल्या साड्यांनी ते कधीच सोडवून ठेवलंय. बाटलीहिरव्याला डाळिंबी काठ, जांभळ्याला मोहरी, मोरपंखीला राणी, चिंतामणीला सोनेरी. कुर्ता आणि ओढणीला हेच गणित लावा. एका वेळी एकच गर्द रंग अंगभर, दुसरा फक्त काठाइतका. वाइन कुर्ता, बाटलीहिरवी सलवार आणि मोहरी ओढणी असं तिन्ही एकदम घातलं की नाटकातलं पात्र होतं. केसांत आबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळा. वास नसतो, वजन नसतं, सहजी कोमेजत नाही, आणि तो केशरी-गुलाबी ठिपका कोकमी किंवा बाटलीहिरव्याशेजारी जे काम करतो ते महागड्या झुमक्यांना जमत नाही.

काळा रंग पूजेला घरची मंडळी चालू देत नाहीत, तो संक्रांतीला ठेवा. त्याची जागा वांगी किंवा गर्द निळा छान भरून काढतो. नवरात्रातल्या नऊ रंगांची यादी येईल, तिच्यासाठी नऊ कपडे घेण्याच्या फंदात पडू नका. ऑफिसातल्या मैत्रिणींत ओढण्यांची अदलाबदल करा. आणि एक कळकळीचं: दिवाळीत पणत्यांजवळ सिंथेटिक ओढणी नको. सूत पेटतं, पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. पणत्या लावताना ओढणी कमरेला खोचा, साडीचा पदर खांद्यावरून पुढे घेऊन बांधा.

आता धुण्याचं. गर्द रंगात रंगद्रव्य जास्त भरलेलं असतं, म्हणून सुटंही जास्त निघतं. विकत घेण्याआधीच पांढरा रुमाल पाण्यानं भिजवून, पिळून, कापडाच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा जोरात घासा. किंचित रंग लागला तर चालेल, पहिल्या दोन-तीन धुण्यांत जाईल. रुमाल रंगून निघाला तर ते कापड ठेवून द्या, पुढे काखेत, ब्रेसियरला, पर्सला लागत राहील. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. रंगाईच्या कढईत मिठाला काम असतं, धाग्यानं रंग ओढून घ्यावा म्हणून. पण कच्चा रंगवलेला तयार कपडा घरच्या बादलीत मीठ टाकून पक्का होत नाही. गार पाणी, पातळ साबण, वेगळी बादली, भिजत न ठेवता लगेच धुणं आणि उलटा करून सावलीत वाळवणं, एवढंच हातात आहे. ऑक्टोबरचं ऊन बघून पाठ उन्हाला देऊन कपडे टाकायचा मोह होतो. लाल आणि जांभळा त्याच उन्हात आधी उडतात, खांद्यापासून सुरुवात होते. इस्त्रीसुद्धा उलट्या बाजूनं. सरळ बाजूनं गरम इस्त्री फिरली की शिवणीच्या जाड भागावर तेलकट चमक येते, फिक्यावर ती दिसत नाही, वाइनवर लांबून दिसते, आणि ती बहुतेक वेळा निघत नाही.

ट्रंकेतलं रेशीम काढणार असाल तर आधी वास घ्या. आपल्या पावसात कपाटात बुरशी येते आणि गर्द कापडावर ती राखाडी ठिपक्यांनी दिसते. सावलीत वाऱ्यावर दिवसभर टाका, मऊ ब्रशनं झटका, मग मलमलीत गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. टसर नेसायचं असेल तर आकाश बघा. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट करून एखादी सर येतेच, आणि टसरवर पाण्याचे थेंब वाळले की वर्तुळं उमटतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर. नवीन चार गोष्टी घ्या. एक कोकमी किंवा वाइन रंगाचा बिनअस्तराचा सुती कुर्ता, ऑफिस आणि देऊळ दोन्हींसाठी. एक मोरपंखी किंवा बाटलीहिरवी सुती-रेशमी मिश्र ओढणी, जिच्या काठाला डाळिंबी आहे. ती तुमच्याकडच्या मोतिया, बदामी, पांढऱ्या सगळ्या कुर्त्यांवर जाईल आणि त्यांचं रूप बदलेल. एक खणाचा ब्लाउज, डाळिंबी, म्हणजे घरातल्या निदान तीन-चार साड्या नव्या होतील. आणि पैसे उरले तर एक धूपछाव लिनन साडी तुळशीच्या लग्नासाठी, अंगणात उसाच्या मांडवाखाली, दिव्यांच्या उजेडात बघण्यासारखी दिसेल, तीही लालाकडे झुकणारी. गेल्या वर्षीचा तो कुर्ता फेकू नका. डिसेंबरच्या जत्रेत रात्री घाला, अस्तर उसवून टाकायला शिंप्याला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. त्याच वेळी कडेच्या शिवणी सोडवायला सांगा, आत पुरेशी माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ठेवलेली असेल तर सैलही होईल.

आणि हे सगळं करायचं तर कापड घेऊन घटस्थापनेच्या आत शिंप्याकडे जा. चतुर्थी झाली की आम्ही चार दिवस दम खातो, तेव्हा मापं नीट घेतली जातात आणि काखेतला अर्धा इंच लक्षात राहतो. दसऱ्यानंतर आलेलं कापड आम्ही घेतो, नाही म्हणवत नाही, पण ते नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, जागून शिवलं जातं, आणि त्या रात्री अस्तर पाण्यातून काढायला कुणालाच सवड नसते.